डाव मोडण्याची वेळ

कर्जतहून कोंडिवडे मागे टाकून उल्हास नदीच्या वरच्या अंगाला चालू लागले की कोंडाणे गाव लागते, आणि गावाच्या पुढे राजमाचीच्या पायथ्याशी जी दाट झाडी सुरू होते, तिच्यात साग, ऐन आणि किंजळ यांच्या सोबतीने बेहड्याचे उंच वृक्षही उभे आहेत. हिवाळ्यात त्यांची फळे पायवाटेवर गळून पडतात. राखी, मखमली सालीची, सुपारीहून थोडी मोठी अशी ती फळे वैद्याला त्रिफळ्यासाठी हवी असतात आणि आदिवासी बाया ती वेचून बाजारात नेतात. परंतु या देशातील द्यूताचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ याच फळापासून करावा लागेल, कारण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकाराच्या सूक्तात जे फासे खुळखुळतात ते हस्तिदंताचे नाहीत की लाकडाचे नाहीत, ते बेहड्याचे आहेत. त्या सूक्तातील जुगारी, आता पुन्हा खेळावयाचे नाही असा निश्चय करतो, मित्र पुढे निघून जातात आणि तो मागे राहतो. पण पटावर पडलेल्या फाशांचा आवाज कानी आला की त्याची पावले आपोआप तिकडे वळतात.

या सूक्ताला तीन सहस्र वर्षांचे वय सहज मानता येईल. एवढ्या दीर्घ काळात फासे बदलले, पट बदलले, सोंगट्या गेल्या, पत्ते आले, राजे गेले, कायदे आले. परंतु बसलेल्या माणसाने उठावयाचे केव्हा, हा प्रश्न जिथला तिथे राहिला. द्यूताविषयी आपल्याकडे जे जे लिहिले, कोरले, चितारले आणि आज्ञापिले गेले ते नीट पाहिले असता माझ्या मनाची अशी खात्री झाली आहे, की आपल्या पूर्वजांना खेळाच्या आरंभाची भीती फारशी नव्हती. त्यांना धास्ती होती ती शेवटच्या घटकेची. ज्याचे बरेच गेले आहे आणि थोडे शिल्लक आहे अशा माणसाला स्वतःच्या बळावर पटावरून उठणे जवळजवळ अशक्य होते, हे ओळखून त्यांनी त्या खेळाला बाहेरून शेवट घालून देण्याचे नाना उपाय योजिले. त्या उपायांचा हा वृत्तांत आहे.

कोंडाण्याच्या झाडीत शिरल्यावर कड्याच्या पोटात जी सोळा बौद्ध लेणी दिसतात, त्यांतील चैत्यगृह ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्याच्या दर्शनी भागावर लाकूडकामाची हुबेहूब नक्कल करणारे कोरीव काम आहे, नर्तन करणाऱ्या जोड्या आहेत, आणि कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले असे सांगणारा एक त्रोटक ब्राह्मी लेख आहे. पावसाळ्यात या कमानीपुढे वरून धबधब्याचा पडदा कोसळत असतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाट चढून देशावर जाणारा माल ज्या वाटांनी जाई, त्यांतील एक वाट या डोंगराला लगटून जात होती. वर राजमाची, त्यापलीकडे कार्ले आणि भाजे. ज्या वाटेने व्यापारी जातात त्या वाटेने रोकड जाते, आणि रोकड जाते तिथे फासेही जातात. त्यामुळे येथील भिक्षूंच्या धर्मग्रंथांत द्यूताचा विचार बारकाईने केलेला आढळावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने वर्ज्य करावयाच्या खेळांची मोठी यादी आहे. बुद्धाने सिगाल या गृहस्थाला केलेल्या उपदेशात तर द्यूताचे सहा तोटे क्रमाने मोजले आहेत : जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, प्रत्यक्ष संपत्ती नाश पावते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, आप्तमित्र त्याला तुच्छ लेखतात, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. या सहांपैकी दुसरा तोटा मला सर्वांत मर्मग्राही वाटतो, कारण उरलेल्या पाचांचे मूळ त्यात आहे. गेलेले परत आणण्याची ओढ हीच माणसाला शेवटच्या घटकेस खिळवून ठेवते.

जातककथांत एक जुगारी असा आहे की जिंकत असेतो तो खुशाल खेळे, आणि डाव उलटू लागला की हळूच एक फासा तोंडात टाकून, फासा हरवला असे सांगून खेळच मोडी. त्याच्याशी खेळणाऱ्या बोधिसत्त्वाने शेवटी फाशांना विष माखून त्याला धडा शिकविला आणि मग औषध देऊन वाचविलेही. ही कथा लबाडीची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात आणखी एक निरीक्षण आहे : हरत असताना उठून जाणे हे इतके दुर्घट होते, की ते साधण्यासाठी त्या माणसाला चोरीचा आश्रय करावा लागला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात विधुरपंडिताची कथा रंगविलेली आहे. तीत पूर्णक यक्ष कुरुराजाशी द्यूत खेळतो आणि राजाचा अत्यंत प्रज्ञावान अमात्य पणात जिंकून नेतो. द्यूतात बुद्धीच गहाण पडते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

परंतु या सर्वांहून मला अधिक आवडणारे पात्र आहे ते शूद्रकाच्या मृच्छकटिकातील संवाहकाचे. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरोघरी पोचली. संवाहक मात्र तितकासा लक्षात राहिला नाही. तो द्यूतगृहात दहा सुवर्ण हरला आहे, माथुर नावाचा सभिक, म्हणजे द्यूतगृहाचा चालक, त्याच्या पाठीमागे लागला आहे, आणि तो पळत पळत एका ओस देवळात शिरतो. तेही उलट्या पावलांनी, म्हणजे मातीतील पाऊलखुणा पाहून तो देवळातून बाहेर पडला असे वाटावे. आत मूर्ती नाही, म्हणून हाच मूर्ती होऊन स्तब्ध उभा राहतो. माथुर आणि त्याचा सोबती येतात, संशय घेतात, आणि तिथेच बसून फासे टाकू लागतात. संवाहकाचा जीव धोक्यात आहे, हालचाल केली तर मार बसणार हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही फाशांचा तो खुळखुळाट ऐकताच त्याच्याने राहवत नाही; मूर्तीपण टाकून तो पुढे येतो आणि माझा डाव म्हणतो. पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याला ऋणमुक्त करते, आणि मग हा माणूस काय करतो, तर बौद्ध भिक्षू होतो. आज खेळू, उद्या थांबू, हा मार्ग आपल्यासाठी नाही, हे त्याने ओळखले. पुढे आठव्या अंकात मरणोन्मुख वसंतसेनेला हाच भिक्षू वाचवितो, आणि नाटकाच्या अखेरीस सर्व विहारांचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक होते. ज्याला दहा सुवर्णांचा हिशेब राखता आला नाही, त्याच्यावर विहारांचा कारभार सोपविण्यात शूद्रकाला काहीच विसंगत वाटले नाही, याचा मी नेहमी आदराने विचार करतो.

महाभारतात या प्रश्नाची दोन उत्तरे समोरासमोर ठेवलेली आहेत. सभापर्वातील धर्मराज एकेक पण हरत जातो : रत्ने, रथ, हत्ती, गायी, राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, आणि अखेरीस स्वतः. येथे द्यूत संपावयास हवे होते. परंतु शकुनी त्याला सांगतो की अजून धन शिल्लक असता स्वतःला हरणे हे पाप होय, द्रौपदी आहे, तिला लाव. शेवटच्या घटकेला प्रतिपक्षी जे बोलतो ते नेमके असेच असते. अजून काहीतरी उरले आहे, एवढेच तो दाखवून देतो, बाकीचे काम हरणाऱ्याचे मन करते. आणि द्रौपदीच्या वरांमुळे सर्व परत मिळाल्यावरही इंद्रप्रस्थाच्या वाटेवरून युधिष्ठिर दुसऱ्या बोलावण्यासरशी मागे फिरतो, हा प्रसंग मला वस्त्रहरणाइतकाच दारुण वाटतो.

याच राजाला वनात बृहदश्व ऋषी नळाची कथा ऐकवितात, ती उगीच नव्हे. नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी महिनोन्महिने खेळतो. नागरिक आणि मंत्री दाराशी येऊन उभे राहतात, तरी तो उठत नाही. दमयंती, जी आपल्या विदर्भाची राजकन्या आणि जिचे कुंडिनपूर आजही अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर म्हणून दाखविले जाते, ती मात्र पटाबाहेर असल्यामुळे शेवट कसा होणार हे आधीच पाहते, आणि वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलांना रथात घालून माहेरी धाडून देते. जे हरावयाचे नाही ते पटाच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवणे, ही तिची कृती द्यूताच्या सबंध वाङ्मयातील अत्यंत शहाणपणाची कृती होय. सर्वस्व गेल्यावर पुष्कर हसत विचारतो, आता दमयंतीच उरली, तिला लावतोस काय? नळ उत्तर देत नाही. अंगावरचे अलंकार उतरवून ठेवतो आणि एकवस्त्राने निघून जातो. युधिष्ठिर जिथे थांबला नाही, नेमका तिथे नळ थांबला.

पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे पाहता पाहता मोजून दाखवितो, नळ त्याच्याकडून अक्षहृदय म्हणजे फाशांचे गणित शिकतो, आणि त्या क्षणी, इतके दिवस त्याच्या अंगात राहून त्याला द्यूतात भुलविणारा कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. विद्या मिळाल्यावर नळ पुष्कराकडे परत येतो तेव्हा महिनोन्महिने खेळत नाही. एकच डाव, आणि त्यावर सर्व. त्या वेळी त्याने दमयंतीलाही पणात धरले, ही गोष्ट आजच्या वाचकाला खुपते आणि ती खुपलीच पाहिजे. पण तो एक डाव जिंकताच पट आवरला गेला, पुष्कराला त्याचा वाटा परत दिला गेला, आणि पुन्हा फासे उचलले गेले नाहीत. नळ गणित शिकला त्याबरोबर समाप्तीही शिकला, आणि माझ्या मते कथाकाराला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती.

वेरूळला रामेश्वर लेण्यात शिवपार्वती अक्षक्रीडेत मग्न आहेत आणि खाली गण नंदीशी दांडगाई करीत आहेत; रावण की खाई आणि धुमार लेणे येथेही हा प्रसंग कोरलेला आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पार्वतीने शंकराला द्यूतात जिंकले अशी पुराणकथा असून त्यावरूनच दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. सोंगट्या किंवा पत्ते मांडून, घरातल्या घरात, थोडक्या पैशांवर खेळण्याची ती मुभा होती. आणि जिला मुभा म्हणतो तीच मर्यादाही होती, कारण दुसऱ्या दिवशी भाऊबीज उजाडे आणि पट कपाटात जाई. तिथीने घातलेला हा बांध फार चांगला होता. त्याला शिपाई लागत नसे.

मराठी वाङ्मयाच्या उगमापाशीच एक जुगारी उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी गुजरातेतील प्रधान विशाळदेवाचे पुत्र हरिपाळदेव होते, आणि त्यांना द्यूताचा छंद होता. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात ती कथा आली आहे. एके दिवशी ते पुष्कळ द्रव्य हरले. जिंकणारे पैसा मिळेतो सोडीनात. हरिपाळ घरी आले आणि पत्नी कमळाइसेजवळ तिचे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. पित्याने पैसे चुकते केले, व्यवहार मिटला. पण मनात जे तुटले ते मिटले नाही. विरक्ती आली, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, आणि ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली. कथेचा रोख वैराग्याकडे आहे आणि तो योग्यच आहे. तथापि मला कमळाइसेच्या नकाराकडे लक्ष वेधावेसे वाटते. दमयंतीने मुले दूर धाडली, कमळाइसेने दागिने दिले नाहीत. खेळाला शेवट घालणारे माणूस दोन्ही ठिकाणी घरातले आणि न खेळणारे आहे. तिच्या त्या एका नकाराने मराठी भाषेला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ मिळण्याची वाट मोकळी झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय?

राज्यसत्तेचा मार्ग निराळा. कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो, एकाच जागी खेळावयास लावतो, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करतो, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेतो. याज्ञवल्क्यस्मृती, जिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली आणि दीर्घ काळ आपल्याकडील न्यायव्यवहाराला आधारभूत राहिली, तीही सभिकाचा हिस्सा ठरवून देते. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभाव, वस्तीची मोजदाद, भांडणतंटे यांबरोबर धंदेवाईक जुगाऱ्यांकडून नजराणा घेण्याचेही कलम होते. या सर्व बंदोबस्तात स्थळ ठरले, हिस्सा ठरला, दंड ठरला. खेळ कोणत्या घटकेस मोडावा ते मात्र कोणी ठरविले नाही, कारण तो जितका लांबेल तितकी सरकारची जमा वाढे. इंग्रजी अमलात १८८७ साली मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा झाला. तेव्हा पायधुणीकडे पावसावर सट्टा चाले. ठराविक वेळेच्या आत छपरावरील पन्हाळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत. पन्हाळ हे जुगाराचे साधन होय की नव्हे, असा वाद न्यायासनापुढे गेला आणि १८९० साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत येऊ लागले, त्या आकड्यांवर जुगार सुरू झाला, आणि ते भाव येणे थांबल्यावर कल्याणजी भगतने १९६२ साली वरळीत आणि रतन खत्रीने १९६४ साली आपला मटका चालू केला. भाव गेले, तरी त्यांची दोन नावे राहिली : ओपन आणि क्लोज. रात्री नवाच्या सुमारास ओपनचा आकडा फुटे आणि मध्यरात्री क्लोजचा. एका आकड्यावर रुपया लावला तर नऊ मिळत आणि आकडे दहा. म्हणजे दर रुपयामागे सरासरी दहावा हिस्सा चालकाचा, हे शाळकरी पोरालाही करता येण्यासारखे गणित आहे. परंतु चालकाची खरी कमाई त्या तीन तासांत होती. पहिल्या आकड्यावर पगारातले पैसे गेलेला गिरणगावातला कामगार झोपावयास जात नसे. क्लोजवर वसूल करू म्हणून तो चाळीत उसने मागत फिरे आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे दुप्पट लावी. ज्या घटकेची धास्ती दमयंतीने घेतली होती, तीच घटका येथे रोज रात्री वेळापत्रकाप्रमाणे आणली जात होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसाड पडत गेल्या. त्या काळी किती संसारांतून दागिने आधीच गहाण पडलेले होते, हे गिरणगावातील जुनी माणसे अजून सांगतात.

शेवटच्या घटकेची ही दुर्बलता आता मोजली गेली आहे. अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करून मॅकग्लॉथलिन या संशोधकाने १९५६ साली दाखविले, की दिवसाच्या अखेरच्या शर्यतीत लोक भरवशाचा घोडा सोडून मोठ्या भावाच्या घोड्याकडे वळतात. दिवसभराचे नुकसान एका फटक्यात भरून काढण्याची ती धडपड असते. पोकर या पत्त्यांच्या खेळात मोठ्या रकमा लावणाऱ्या अनुभवी खेळाडूंचे हजारो डाव तपासून २००९ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यातही हेच आढळले : मोठा फटका बसल्यानंतर हे निष्णात लोक सैल खेळू लागतात, जी पाने एरवी टाकून दिली असती त्यांवर पैसे लावतात. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मान्य केले पाहिजे. संभाव्यता जाणणारा आणि समोरच्याचा स्वभाव वाचणारा माणूस दीर्घ पल्ल्यात पुढे राहतो. पण रात्रीच्या पहिल्या प्रहरात कमावलेले कौशल्य पहाटेच्या एका तासात उधळले जाते, आणि म्हणून त्या खेळातील जाणते लोक बसण्यापूर्वीच रक्कम आणि वेळ ठरवून घेतात, आणि त्या वेळी हरत असोत वा जिंकत असोत, उठतात. मांडवीच्या पात्रात पणजीपुढे उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या जहाजांवर मात्र रात्र आणि दिवस यांत फरक नाही; तिथे भाऊबीज उजाडतच नाही. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना तिथे मज्जाव केला, यात कमळाइसेचाच नकार सरकारी भाषेत उतरला आहे असे मला वाटते. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली तो रद्द केला. २०२५ साली केंद्राने पैशावरील ऑनलाइन खेळांना बंदी घातली. बंदीने जुगार नाहीसा होत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण खिशातला फोन हा कधीच न मिटणारा पट आहे, आणि त्याच्यापुढे बसलेल्या तरुणाजवळ नको म्हणणारे कोणी नसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या बंदीमागची कळकळ समजेल.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आज शेतघरांची गर्दी झाली आहे. शनिवारी मुंबईपुण्याहून मंडळी येतात, आणि तीन पत्तीचे डाव रात्रभर चालतात. ब्लाइंड, चाल, शो हे शब्द रखवालदाराच्या पोरांनाही पाठ झाले आहेत. तिथे घड्याळाकडे कोणी पाहत नाही, परतीची गाडी स्वतःची असते. याच कर्जत तालुक्यातून रोज पहाटे कर्जत लोकलने मुंबईस जाणारे नोकरदारही पत्ते खेळतात. चौघे समोरासमोर बसतात, गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून वर वर्तमानपत्र अंथरतात, आणि नेरळ, बदलापूर, कल्याण मागे पडत असता रमीची पाने वाटली जातात. उभ्याने प्रवास करणारे त्यांच्या खांद्यांवरून डाव पाहतात आणि अधूनमधून न मागितलेला सल्लाही देतात. दोन तासांचा प्रवास, तेवढाच खेळ. एखाद्याचा हात नेमका रंगात आलेला असतो, एकच पान हवे असते, पण गाडी फलाटाला लागते आणि मागचा लोंढा दाराकडे सरकू लागतो. मग पाने गोळा होतात, वर्तमानपत्राची घडी होते, गुण कागदावर टिपले जातात, आणि ज्याचा डाव अर्धा राहिला तोही इतरांबरोबर उतरून कामाला जातो.